कमर्शियल रिअल इस्टेटमधली पहिली नोकरी : लीजिंग घ्यावे की व्हॅल्युएशन?

गंगाघाट

नमस्कार. मी यंदा पुण्यातून बी.कॉम. झालो असून दोन ठिकाणांहून नोकरीचे बोलावणे आले आहे. पहिले एका आंतरराष्ट्रीय मालमत्ता सल्लागार कंपनीच्या मुंबई कार्यालयातून आहे. तिथे कंपन्यांना भाड्याने कार्यालये मिळवून देणाऱ्या लीजिंगच्या गटात काम करायचे आहे. दुसरे पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या व्हॅल्युएशन संस्थेतून आहे. बँकांसाठी आणि कंपन्यांच्या ताळेबंदासाठी ती जे मूल्यांकन अहवाल करते, त्यांच्या तयारीत मदत करणे असे तिथल्या कामाचे स्वरूप सांगण्यात आले. मूळ पगारात फारसा फरक नाही. मुंबईत वर्षअखेरीस इन्सेंटिव्हची शक्यता आहे, पण राहण्याचा खर्चही आहे.

सदनिकांच्या विक्रीत मला जायचे नाही, एवढे नक्की. कार्यालये, मॉल, गोदामे यांचा व्यवहार नेमका कसा चालतो, त्यांचे भाडे आणि किंमत कशी ठरते, यात मला रस आहे. घरात किंवा ओळखीत या क्षेत्रातले कोणीही नसल्यामुळे येथे विचारतो आहे. पहिली दोन-तीन वर्षे कुठे काढली तर पुढे अधिक वाटा मोकळ्या राहतील? लगेच एमबीए करावे का? आणि लंडनच्या ‘रिक्स’ या मालमत्ता सर्व्हेअरच्या व्यावसायिक संस्थेच्या सदस्यत्वाचा उल्लेख बऱ्याच जाहिरातींत दिसतो, त्याचा आपल्याकडे खरोखर उपयोग होतो का?

करारपत्र

मी भाडेकरू कंपन्यांच्या बाजूने काम करणाऱ्या गटात आहे, त्यामुळे माझे मत लीजिंगकडे झुकलेले आहे हे आधीच सांगून ठेवतो.

लीजिंगमध्ये नवा मुलगा किंवा मुलगी रुजू झाली की सुरुवातीचे काही महिने बैठकीत बोलण्याची वेळ फारशी येत नाही. एखाद्या कंपनीला अंधेरी ते गोरेगाव या पट्ट्यात चाळीस हजार चौरस फूट जागा हवी असते. त्या पट्ट्यातल्या कोणत्या इमारतीत कोणता मजला रिकामा आहे, कोणता पुढच्या सहा महिन्यांत रिकामा होणार आहे, मालक कोण, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का आणि वीजभार किती मंजूर आहे, याची यादी तुम्ही करता. नंतर जागा दाखवणे, मालकांकडून प्रस्ताव मागवणे, ते एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडणे, इरादापत्राचा मसुदा आणि शेवटी करार, असा तो क्रम असतो. यातला तुलनेचा तक्ता हीच खरी शाळा आहे, असे मी मानतो.

उदाहरण घेऊ. पहिल्या इमारतीचा मालक दरमहा प्रतिचौरस फूट ९० रुपये मागतो आणि दुसरीचा ८५. नवखा माणूस दुसरी स्वस्त म्हणून मोकळा होतो. परंतु हे दर चार्जेबल क्षेत्रावरचे असतात, म्हणजे त्यात लॉबी, जिने, लिफ्ट, शाफ्ट अशा सामाईक जागांचा वाटा धरलेला असतो. पहिल्या इमारतीची एफिशिअन्सी (चार्जेबल क्षेत्रातला प्रत्यक्ष वापरायचा वाटा) ७० टक्के आणि दुसरीची ६० टक्के असेल, तर प्रत्यक्ष वापरायच्या कार्पेट क्षेत्रावरचा दर पहिल्या ठिकाणी सुमारे १२८ रुपये ५७ पैसे पडतो आणि दुसऱ्या ठिकाणी १४१ रुपये ६७ पैसे. वर देखभालीचा आकार, ज्याला सगळे ‘कॅम’ म्हणतात, तोही चार्जेबल क्षेत्रावरच लागतो, त्यामुळे हे अंतर आणखी वाढते. एक जागा बेअर शेल आणि दुसरी वॉर्म शेल असेल, म्हणजे एकीत वातानुकूलन भाडेकरूने स्वतः बसवायचे आणि दुसरीत ते मालकाने बसवून दिलेले असेल, तर तुलना पुन्हा बदलते. असे तक्ते सतत करत राहिलात की एखादा दर ऐकताच त्यामागे काय दडले आहे हे विचारण्याची सवय लागते. पुढे कोणत्याही विभागात गेलात तरी ती कामी येते.

इन्सेंटिव्हविषयी मात्र सावध राहा. दलालीची रक्कम साधारणपणे एक-दोन महिन्यांच्या भाड्याच्या हिशेबात असते, पण ती कंपनीची मिळकत असते. गटाचे लक्ष्य पूर्ण झाल्यानंतर तिचा काही भाग खाली झिरपतो आणि पहिल्या वर्षी तुमच्यापर्यंत फारच थोडा पोहोचतो. घरखर्चाचा हिशेब मूळ पगारावरच करावा.

एमबीएची घाई करू नका. दोन वर्षे काम करून गेलात तर वर्गात काय शिकवत आहेत ते कळेल आणि शुल्काचे पैसे वसूल होतील.

मोजपट्टी

मी स्थापत्य अभियंता असून नोंदणीकृत मूल्यांकक आहे. प्रश्नकर्त्याने व्हॅल्युएशनची नोकरी घेण्यापूर्वी एक नियम समजून घ्यावा. मुलाखतीत हा कोणी आपणहून सांगत नाही. कंपनी कायद्याखालील मूल्यांककांची नोंदणी २०१७ च्या नियमांनुसार आयबीबीआय या केंद्रीय दिवाळखोरी मंडळाकडे होते. त्यात ‘जमीन व इमारत’ हा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचनेची पदवी व पाच वर्षांचा अनुभव, किंवा त्या विषयांतले अथवा स्थावर मालमत्ता मूल्यांकनातले पदव्युत्तर शिक्षण व तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यानंतर पन्नास तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. केवळ बी.कॉम.च्या बळावर या वर्गात नोंदणी होत नाही. म्हणजे पुण्याच्या संस्थेत तुम्ही कितीही अहवाल लिहिलेत तरी खाली सही दुसऱ्याची असेल. मालमत्ता मूल्यांकनातली मान्यताप्राप्त दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घ्यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

हे सांगूनही मी व्हॅल्युएशनची बाजू घेणार आहे. करारपत्र यांनी भाड्याचा दर उलगडून दाखवला. आम्ही त्या भाड्यावरून इमारतीची किंमत काढतो. दहा हजार चौरस फुटांचा मजला शंभर रुपये दराने दिलेला असेल तर वर्षाचे भाडे १ कोटी २० लाख. बाजारात अशा मालमत्तेकडून गुंतवणूकदार ८ टक्के परतावा अपेक्षित धरत असेल तर किंमत १५ कोटी, तोच ८.५ टक्के मागू लागला तर सुमारे १४ कोटी १२ लाख. अर्ध्या टक्क्याने जवळपास ८८ लाखांचा फरक पडला. आता तो अर्धा टक्का कुठून येतो, हे सिद्ध करणे म्हणजे व्हॅल्युएशन. भाडेकरू किती भक्कम आहे, लॉक-इन (करार सोडता येत नाही असा काळ) किती उरला आहे, सध्याचे भाडे बाजारभावाच्या वर आहे की खाली, मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधकाम झाले आहे का, जमिनीचा हक्क मालकी आहे की भाडेपट्टा, हे सगळे तपासून, लिहून आणि पुराव्यानिशी मांडावे लागते. लीजिंगमध्ये व्यवहार एकदा पार पडला की फाईल बंद होते. आमच्या अहवालावर लेखापरीक्षक वर्षभराने प्रश्न विचारतो आणि तेव्हा प्रत्येक आकड्याचा पुरावा दाखवावा लागतो. ही शिस्त तरुण वयात अंगी लागली तर चांगले.

पुण्याच्या संस्थेला एक प्रश्न अवश्य विचारा : गेल्या तिमाहीत तुम्ही कोणत्या प्रकारच्या मालमत्तांचे अहवाल दिले? ‘बँकांसाठी काम’ याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी गृहकर्जासाठी दिवसभर सदनिका मोजत फिरणे असा होतो. तसे असेल तर तुम्हाला हवे ते शिकायला मिळणार नाही.

दोन्ही नोकऱ्या नाकारल्यात तरी एक अभ्यास आजपासून करता येईल. भारतातल्या सूचीबद्ध रीट (भाड्याने दिलेल्या इमारती बाळगून गुंतवणूकदारांना युनिट देणारे ट्रस्ट) दर तिमाहीला आपल्या मालमत्तांची माहिती जाहीर करतात. एम्बसी ऑफिस पार्क्स २०१९ मध्ये सूचीबद्ध झाली, माइंडस्पेस २०२० मध्ये, ब्रुकफील्ड इंडिया २०२१ मध्ये आणि मॉलची नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट २०२३ मध्ये. ऐरोली, मालाड, पवई, खराडी, हिंजवडी या ठिकाणच्या त्यांच्या संकुलांतला भाडेव्याप्तीचा दर, सरासरी भाडे, करारांची सरासरी उरलेली मुदत, नूतनीकरणाच्या वेळी भाडे किती वाढले, हे सर्व त्या कागदपत्रांत फुकट वाचायला मिळते. सेबीच्या नियमांप्रमाणे रीटला किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या इमारतींत ठेवावी लागते आणि वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना द्यावी लागते. त्यामुळे भाडेकराराची एकेक अट त्यांच्या हिशेबात थेट उमटते. मी उमेदवाराची मुलाखत घेतो तेव्हा यातला एखादा अहवाल वाचला आहे का, एवढे विचारले तरी पुरते.

करारपत्र

मोजपट्टी, नियमाची माहिती मोलाची आहे. एका मुद्द्यावर मात्र असहमती नोंदवतो. फाईल बंद होते हे खरे, पण त्याच भाडेकरूच्या नूतनीकरणाच्या वेळी तीच फाईल उघडते आणि पहिल्या करारात आपण काय लिहून ठेवले होते ते समोर येते. शिवाय व्हॅल्युएशनचा अहवाल ज्या भाड्यांच्या उदाहरणांवर उभा असतो, ती उदाहरणे तुम्हाला शेवटी लीजिंगवाल्यांकडूनच फोनवर मिळतात!

मोजपट्टी

फोनवर मिळतात आणि म्हणूनच मी ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या इंडेक्स टूशी, म्हणजे नोंदवलेल्या कराराच्या गोषवाऱ्याशी, ताडून पाहतो. फोनवरचा दर आणि नोंदवलेल्या करारातला दर पुष्कळदा वेगळा निघतो. रेंट-फ्री म्हणजे बिनभाड्याचा कालावधी, मालकाने करून दिलेले फिट-आउट म्हणजे आतली सजावट, पार्किंगचे वेगळे पैसे, यांपैकी काहीतरी फोनवर सांगायचे राहिलेले असते.

बेलार्ड इस्टेट

मी जुन्या पठडीतला दलाल आहे. फोर्ट, बेलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंट इथे धंद्याची उमेदवारी केली आणि मोठ्या कंपन्या आधी लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर व नंतर बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) सरकत गेलेल्या पाहिल्या. वरच्या दोन्ही प्रतिसादांत आकडेमोड उत्तम आहे, पण कागदाचा मुद्दा एका ओळीत उरकला गेला, म्हणून लिहितो.

तरुण मुले येतात, त्यांचे सादरीकरण सुंदर असते, आणि समोरचा मालक खरोखर मालक आहे का हे त्यांनी पाहिलेले नसते. बीकेसीत एमएमआरडीए भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. एमआयडीसीच्या भूखंडांचा भाडेपट्टा ९५ वर्षांचा असतो. हिंजवडीचा आयटी पार्क आणि चाकणचा मोठा औद्योगिक पट्टा एमआयडीसीचाच आहे. अशा ठिकाणी हस्तांतरणाला किंवा पोटभाड्याने देण्याला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. व्यवहार ठरल्यानंतर हे लक्षात आले तर तो आठवडेच्या आठवडे अडकून पडतो. सातबारा, मिळकत पत्रिका, भाडेपट्ट्याची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्र हे चार कागद पाहिल्याशिवाय ग्राहकाला जागा दाखवायला नेऊ नये, असे माझे मत आहे. आजच्या गतीत ते कोणाला पटत नाही.

दुसरे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ वाचा. निदान कलम ३, २४ आणि ५५ तरी वाचाच. कलम ३ प्रमाणे बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागांना भाडे नियंत्रणाचे संरक्षण नाही. फोर्टमधल्या एकाच इमारतीत एक मजला जुन्या भाडेकरूकडे नाममात्र भाड्याने आणि त्यावरचा मजला बाजारभावाने, असे चित्र का दिसते, त्याचे बरेचसे उत्तर या एका कलमात आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरण्याची नुसती परवानगी) आणि लीज (जागेत हक्क देणारा भाडेपट्टा) यांतला फरकही नीट समजून घ्या. मुंबईत लिव्ह अँड लायसन्स साधारणपणे साठ महिन्यांपर्यंतच का करतात, हे मुद्रांक शुल्काचे कोष्टक पाहिल्यावर उमगते.

२०२० सालच्या टाळेबंदीत या वाचनाची किंमत कळली. भाडेकरूंना वाटत होते की कार्यालय उघडता येत नाही तर भाडे माफ व्हावे. त्या वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात स्पष्ट केले की करार पाळणे अशक्य झाल्यास तो रद्द ठरवणाऱ्या करार कायद्याच्या कलम ५६ चा आधार भाडेपट्ट्याला घेता येत नाही आणि करारात तशी तरतूद असेल तरच सवलत मागता येते. ज्यांच्या करारात अपरिहार्य आपत्तीचे (फोर्स मेजर) कलम विचारपूर्वक लिहिलेले होते, त्यांनाच मालकाशी हक्काने बोलता आले. ती कलमे बहुतेक वेळा कुठल्यातरी कनिष्ठ सहकाऱ्याने मागच्या करारातून तशीच उचलून चिकटवलेली असतात. तो कनिष्ठ सहकारी उद्या तुम्ही असाल.

गंगाघाट

सर्वांचे मनापासून आभार. मोजपट्टी यांच्या सूचनेप्रमाणे पुण्याच्या संस्थेला विचारले. दुकाने व लहान कार्यालये यांवरील कर्जाचे अहवाल बरेच असून मोठी संकुले क्वचित येतात, असे उत्तर मिळाले. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले, हे विशेष वाटले. ‘रिक्स’विषयी कोणी लिहील का?

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये चार्टर्ड सर्व्हेअर आहे, मूळचा सांगलीचा. ‘रिक्स’ ही संस्था १८६८ सालची. इंग्लंडमध्ये कमर्शियल प्रॉपर्टीत पदवीनंतर शिरण्याची वाट बरीच आखीव आहे. संस्थेने मान्यता दिलेली पदवी घ्यायची, एखाद्या कंपनीच्या पदवीधर योजनेत शिरायचे आणि साधारण दोन वर्षांत व्हॅल्युएशन, लीज अ‍ॅडव्हायझरी, एजन्सी, व्यवस्थापन अशा तीन-चार विभागांत आळीपाळीने काम करायचे. रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि कोणत्या दिवशी कोणते कौशल्य वापरले ते तिच्यात लिहावे लागते. शेवटी तीन हजार शब्दांच्या मर्यादेत स्वतः केलेल्या एका कामाचा अभ्यास सादर करायचा असतो आणि तासाभराच्या तोंडी परीक्षेला सामोरे जायचे असते. सुरुवातीची दहा मिनिटे त्या कामाचे सादरीकरण होते आणि उरलेल्या वेळात परीक्षक प्रश्न विचारतात. आचारसंहितेच्या प्रश्नावर चुकलात तर बाकी सगळे चांगले असूनही नापास होता येते.

तुमच्या दृष्टीने यातले दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. एक, बी.कॉम. ही मान्यताप्राप्त पदवी नसल्यामुळे तुम्हाला थेट या दोन वर्षांच्या वाटेने जाता येणार नाही. आधी मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागेल, किंवा अनुभवाच्या आधारावर सहयोगी सदस्यत्वापासून सुरुवात करावी लागेल. भारतात नोएडाच्या अ‍ॅमिटी विद्यापीठात ‘रिक्स’च्या नावाने २०१३ मध्ये शिक्षणसंस्था सुरू झाली, पुण्यात निकमार ही बांधकाम व्यवस्थापनाची संस्था आहे. प्रवेशापूर्वी तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या वर्षी मान्यतेच्या यादीत आहे का, हे ‘रिक्स’च्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे, महाविद्यालयाच्या माहितीपुस्तकावर विसंबू नये. दोन, भारतात लीजिंगचे काम करण्यासाठी हे सदस्यत्व आवश्यक नाही. व्हॅल्युएशन, सल्ला आणि परदेशी गुंतवणूकदारांचे काम यांत त्याचे वजन पडते. तेही आयबीबीआयच्या नोंदणीच्या जोडीने, तिच्याऐवजी नव्हे.

इकडची दोन वर्षे झाली की लगेच भारतात परतून तेच काम करता येईल, असे काही विद्यार्थी गृहीत धरतात. इथला कायदा फार वेगळा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९५४ च्या कायद्याने व्यावसायिक भाडेकरूला मुदतीअंती करार नव्याने मागण्याचा हक्क आहे. दोन्ही पक्षांनी ठरवून तो वगळला असेल तरच नसतो. मुंबईच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की जागा रिकामी करायची. त्यामुळे भाडेकरूच्या सल्लागाराची सगळी रणनीतीच बदलते. भारतातच काम करायचे असेल तर पहिली दोन वर्षे तिथेच काढा, असे मी सुचवेन.

तळघर ते गच्ची

इतक्या प्रतिसादांत एका वाटेचे नावच आले नाही, म्हणून लिहिते. मी नवी मुंबईतल्या एका आयटी संकुलाचे व्यवस्थापन पाहते. प्रॉपर्टी मॅनेजमेंटला नव्या पदवीधरांमध्ये मान नाही, कारण त्यात मोठ्या व्यवहारांचे वलय नाही आणि बऱ्याच जणांना ते झाडलोट व सुरक्षा एवढेच वाटते.

माझ्याकडे वाणिज्य शाखेची मुले कॅमच्या हिशेबापासून सुरुवात करतात. वर्षाच्या आरंभी अंदाज बांधून प्रतिचौरस फूट आकार ठरवायचा, दरमहा तो भाडेकरूंकडून घ्यायचा आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी मेळ घालून कमी-जास्त रक्कम वळती करायची, असे ते चक्र असते. ऐकायला सोपे आहे. पण मेळ घालायच्या बैठकीत भाडेकरूचा लेखापाल विचारतो की दोन मजले वर्षभर रिकामे होते, त्यांच्या वाट्याचा सुरक्षेचा आणि लिफ्टच्या देखभालीचा खर्च आमच्यावर का टाकलात? वातानुकूलनाचे नवे चिलर बसवले, तो भांडवली खर्च आहे, तो देखभालीत कसा आला? याची उत्तरे करारातल्या कॅमच्या व्याख्येत शोधावी लागतात. व्याख्या ढिली असेल तर त्या बैठका उन्हाळाभर चालतात. लीजिंगच्या गटाने व्यवहार जमवण्याच्या घाईत मान्य केलेली वाक्ये आम्हाला पाच वर्षे निभवावी लागतात.

इमारत आतून कळते ती इथेच. जनरेटरवर संपूर्ण भार चालतो की निम्मा, अग्निशमनाच्या यंत्रणेची तपासणी कोणी केली, २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत द्यायचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र दिले गेले का, हे सारे पाहावे लागते. माझ्याकडून गेलेल्या एका मुलीला पुढे एका गुंतवणूक संस्थेने अ‍ॅसेट मॅनेजमेंटमध्ये, म्हणजे मालकाच्या वतीने मालमत्तेतली गुंतवणूक सांभाळण्याच्या कामात, घेतले ते याच जोरावर, कारण इमारत खरेदीपूर्वीच्या तपासणीत कुठे बोट ठेवायचे हे तिला ठाऊक होते. तेव्हा मुंबईची नोकरी घेतलीत तर आपल्या कंपनीच्या व्यवस्थापन विभागात काही आठवडे बसू द्यावे, अशी मागणी जरूर करा. मोठ्या सल्लागार कंपन्यांत हे विभाग एकाच छताखाली असतात, मात्र कोणी आपणहून विचारत नाही.

भिवंडी बायपास

सगळी चर्चा कार्यालयांभोवती फिरते आहे, म्हणून गोदामांविषयी थोडेसे. भिवंडी, तळेगाव, चाकण या पट्ट्यात कार्यालयाची भाषा चालत नाही. ग्राहक विचारतो की छताची मोकळी उंची बारा मीटर आहे का, फरशी दर चौरस मीटरला पाच टन भार पेलते का, माल चढवण्या-उतरवण्याचे डॉक किती आहेत आणि चाळीस फुटी कंटेनर आवारात वळतो का. भिवंडीभोवतीच्या साठ गावांसाठी २००७ पासून एमएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे, तरीही निव्वळ ग्रामपंचायतीच्या कागदावर उभे असलेले जुने गाळे आजही भाड्याने दाखवले जातात. अकृषिक आदेश आणि बांधकाम परवानगी पाहूनच पुढे जावे. या विभागात नव्या माणसाला लवकर जबाबदारी मिळते, कारण ऊन-पावसात आठवड्याचे बरेच दिवस महामार्गावर काढायला फारसे कोणी तयार नसते.

गंगाघाट

मुंबईच्या कंपनीने अखेरच्या फेरीसाठी एक उदाहरण सोडवून आणायला सांगितले आहे. दहा हजार चौरस फूट चार्जेबल, दर १०० रुपये, साठ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, छत्तीस महिन्यांनंतर १५ टक्के भाडेवाढ, पहिले दोन महिने रेंट-फ्री, अनामत सहा महिन्यांच्या भाड्याइतकी. प्रत्यक्ष सरासरी दर आणि मुद्रांक शुल्क काढायचे आहे. मी सरासरी दर १०२ रुपये ६७ पैसे काढला. तो बरोबर आहे का?

करारपत्र

एका गृहीतकापुरता बरोबर आहे. तुम्ही भाडेवाढ परवाना सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजली आहे. म्हणजे चौतीस महिने १० लाख आणि चोवीस महिने साडेअकरा लाख, एकूण ६ कोटी १६ लाख. त्याला साठ महिने आणि दहा हजार चौरस फुटांनी भागले की तुमचाच आकडा येतो.

मुद्रांक शुल्कासाठी या रकमेत परताव्याच्या अनामतीवरचे दरसाल १० टक्क्यांनी धरलेले व्याज मिळवायचे. ६० लाखांवर पाच वर्षांचे ३० लाख होतात. बेरीज ६ कोटी ४६ लाख, त्यावर पाव टक्का म्हणजे १ लाख ६१ हजार ५०० रुपये. अनामतीवरचे व्याज बहुतेक उमेदवार विसरतात, ते तुम्ही विसरू नका.

आता मुलाखतीत हा प्रश्न तुम्हीच उलट विचारा : भाडेवाढ परवान्याच्या तारखेपासून की भाडे सुरू झाल्याच्या तारखेपासून? दुसरा अर्थ घेतला तर छत्तीस महिने १० लाख आणि बावीस महिने साडेअकरा लाख होतात, एकूण ६ कोटी १३ लाख. सरासरी दर १०२ रुपये १७ पैसे आणि शुल्क १ लाख ६० हजार ७५० रुपये. भाडेकरूचे तीन लाख रुपये करारातल्या एका तारखेवर अवलंबून आहेत आणि इरादापत्रात ती तारीख लिहायची अनेकदा राहून जाते. लॉक-इन कोणावर आणि किती, हेही उदाहरणात दिलेले नाही. सामान्यतः भाडेकरूवर तीन वर्षे आणि मालकावर पूर्ण मुदत असते, तसे गृहीत धरले आहे असे कागदावर लिहून न्या.